सौदा आणि संमति

बाजारांत झालेल्या सौद्याविषयीं चार माणसें बोलूं लागलीं कीं, "कोणी कोणास ठकविलें?" हा प्रश्न सर्वांच्या आधीं पुढें येतो. व्यापाऱ्यास नफा झाला असें ऐकलें म्हणजे तितकाच तोटा कोणास तरी बसला असला पाहिजे, अशी आपल्या लोकांची पक्की समजूत आहे. शेतकरी पिकवितो, विणकर विणतो, व्यापारी मात्र मध्यें बसून खातो, असें सुशिक्षित म्हणविणारे लोकही बोलतात. उलटपक्षीं पुष्कळ व्यापारी आपला धंदा म्हणजे एक प्रकारची कुस्ती आहे, आणि समोरच्यास चीत केल्यावांचून आपली सरशी होत नाहीं, असें मनांतून मानीत असतात. ह्या दोन्ही समजुती एकाच चुकींतून निघाल्या आहेत, आणि त्या चुकीचा भुर्दंड आपल्या प्रांतांतील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास वारंवार भरावा लागला आहे. म्हणून हा विषय आज वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम अगदीं साधें उदाहरण घेऊं. आगगाडी होण्यापूर्वीं वंजाऱ्यांचे तांडे कोंकणांतलें मीठ बैलांवर लादून घाट चढत आणि देशावरचें धान्य घेऊन परत खालीं उतरत. मिठागरवाल्यापाशीं मिठाची रास पडलेली असे; त्यांतील शेवटच्या पायलीची त्याला किंमत ती काय? धान्य मात्र त्याच्या घरांत तुटपुंजें. घाटावरील कुणब्याच्या पेवांत ज्वारी भरलेली असे, पण मिठावांचून भाकरी गळ्याखालीं उतरत नसे. दोघांनीं अदलाबदल केली. तिच्यामुळें मिठाचा एक खडा वाढला नाहीं, कीं ज्वारीचा एक दाणा वाढला नाहीं. तरी दोघेही पूर्वींपेक्षां सुखी झाले. कारण वस्तूची किंमत वस्तूच्या अंगीं खिळलेली नसते. ती ज्याच्या हातीं आहे त्याच्या गरजेप्रमाणें कमी-अधिक होते. जेथें वस्तु फार आहे तेथून ती जेथें हवी आहे तेथें नेणें, म्हणजेच नवी किंमत उत्पन्न करणें होय. वंजाऱ्यानें कांहीं पिकविलें नाहीं हें खरें. पण त्याच्यावांचून एकाचें मीठ पावसांत विरघळलें असतें आणि दुसऱ्याची ज्वारी पेवांत किडली असती. त्याची मजुरी ह्या दोघांच्या फायद्यांतून निघाली, कोणाच्या तोट्यांतून नव्हे.

ह्याच्या पुढची पायरी समजण्यास आमच्या वकिली धंद्यांतलाच दाखला देतों. एखाद्या वकिलाचा हात त्याच्या कारकुनाहून दुप्पट चपळ असला, तरी शहाणा वकील नकला करीत बसत नाहीं. कारकुनास ज्या कामास दोन तास लागतात तें तो एका तासांत उरकील. पण त्याच तासांत पक्षकाराचे कागद पाहून तो जें मिळवील, तें कारकुनाच्या दोन तासांच्या वेतनाहून पुष्कळ अधिक असतें. म्हणून दोन्ही कामांत सरस असूनही तो एक काम सोडतो, आणि त्यांत कारकुनाचेंही पोट भरतें. डेव्हिड रिकार्डो ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८१७ सालीं राष्ट्राराष्ट्रांतील व्यापारास हाच न्याय लावून दाखविला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीनें कापूस द्यावा आणि कोंकणच्या खाचरांनीं भात द्यावें, ह्यांत कोणी कोणावर उपकार करीत नाहीं; दोघेही आपापल्या हिताचेंच करीत असतात.

परंतु ह्या साऱ्या विवेचनास एक अट आहे, आणि ती विसरल्यामुळेंच व्यापाराचे भक्त व व्यापाराचे निंदक हे दोघेही घसरतात. सौद्यांत दोघांचा फायदा झाला असें आपण कशावरून म्हणतों? दोघांनीं तो आपखुषीनें केला, एवढ्यावरूनच. तोटा दिसता तर त्यांतील एकानें मान हालविली असती आणि तो आपल्या वाटेनें गेला असता. तेव्हां ज्यास नाहीं म्हणण्याची सोयच नव्हती, त्याच्या होकारावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. १८७२ सालच्या कराराच्या कायद्याचा पाया हाच आहे. त्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणें जबरदस्ती, गैरवाजवी दाब, लबाडी, खोटी माहिती किंवा चूक ह्यांमुळें मिळालेली संमति मोकळी समजली जात नाहीं. पंचविसाव्या कलमाखालचें एक स्पष्टीकरण तर प्रत्येक व्यापाऱ्यानें पाठ करण्याजोगें आहे. मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणानें करार रद्द होत नाहीं. मात्र संमति मोकळी होती कीं नव्हती हें ठरवितांना मोबदल्याचा अपुरेपणा कोर्टास विचारांत घेतां येतो. म्हणजे कायदा भावाची चौकशी करीत नाहीं, संमतीची करतो. आणि भाव फारच पडेल दिसला तर संमतीकडे अधिक बारकाईनें पाहतो.

संमति मोकळी नसली म्हणजे सौद्याचें रूप कसें पालटतें, ह्याचे दाखले आपल्या इतिहासांत हवे तितके आहेत. चंपारण्यांत निळीचे मळेवाले कुळांकडून दर वीस कठ्ठ्यांपैकीं तीन कठ्ठ्यांत नीळ लावून घेत. कागदोपत्रीं तोही करारच होता. पण कुळास नकार देण्याची मुभा नव्हती, म्हणून त्यांत मळेवाल्याचा नफा आणि कुळाचें मरण होतें. १९१७ सालीं गांधीजींनीं तेथें जाऊन कुळांच्या जबान्या घेतल्या, आणि १९१८ च्या कायद्यानें ही 'तीनकठिया' मोडली. आपल्याकडील गोष्ट तर त्याहून जुनी. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां आपल्या कापसाचा भाव अतोनात चढला आणि शेतकऱ्यास कर्जही सहज मिळूं लागलें. युद्ध संपलें, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिलें. मग एकाच सावकारापाशीं बांधलेला शेतकरी तो म्हणेल त्या भावानें माल घाली आणि तो सांगेल त्या रोख्यावर अंगठा उठवी. अडला हरि, गाढवाचे पाय धरी! मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक सावकारांवर उठले, आणि ठिकठिकाणीं त्यांचा डोळा पैशाअडक्यापेक्षां रोख्यांवर अधिक होता. कारण त्या कागदावरचा अंगठा हा होकार नव्हता, हें त्यांस पुरें ठाऊक होतें. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला आणि रोख्याच्या मागें जाऊन देण्याघेण्याची मूळ हकीगत तपासण्याचा अधिकार कोर्टांस मिळाला.

येथें कोणी विचारील कीं, खुल्या व्यापाराच्या नांवाखालींच हा देश नागविला गेला ना? आमचें उत्तर असें कीं, नांव खुल्या व्यापाराचें होतें, वस्तु ती नव्हती. १८९६ सालीं आपल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला, तो लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस आपली स्पर्धा जाचूं नये म्हणून. आणि तो उठण्यास १९२५ साल संपत यावें लागलें. ज्या देशास आपल्या जकातीविषयीं हो किंवा नाहीं म्हणण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या माथीं मारलेल्या व्यवहारास स्वेच्छेचा व्यापार म्हणणें ही भाषेची विटंबना होय. त्या अनुभवावरून व्यापारावर रागावण्याऐवजीं पारतंत्र्यावर रागवावें, हेंच सयुक्तिक आहे.

आतां बाजाराच्या अंगणांत येऊं. शेतकऱ्याची संमति बंदुकीनेंच हिरावली जाते असें नाहीं. ती एका रुमालानेंही हिरावतां येते. 'हत्ता' म्हणून जी जुनी चाल होती, तींत घेणारा आणि अडत्या रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारीं उभा असे, पण कोणी किती बोली केली हें त्यास कळत नसे. मग कडता, धर्मादाय, तोलाई, हमाली अशा नांवांनीं जें कापलें जाई तें वेगळेंच. असल्या व्यवहारांत व्यापार वाईट नव्हता, अंधार वाईट होता. १८८६ सालीं वऱ्हाडांत कारंजा येथें हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानें कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हुकूम काढणाऱ्यांची नजर मँचेस्टरकडे होती ह्यांत शंका नाहीं. तथापि दलाल, मापाडी व तोलार ह्यांस परवाने असावेत, आणि वजन व हक्कदस्तुरी ठरलेली असावी, हा उपाय वाजवीच होता. १९२८ सालीं शेतकी कमिशननें त्याच धर्तीचे बाजार सर्वत्र व्हावेत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं व महाराष्ट्रांत १९६३ सालीं कायदे झाले. ह्या सर्वांतील सार एवढेंच कीं, भाव सरकारनें ठरवूं नये, पण तो उजेडांत ठरावा.

दुर्दैवानें आपण तेथें थांबलों नाहीं. व्यापारी म्हणजे लुटारू, अशी एकदां समजूत झाली म्हणजे त्यास बाजारांतून हांकलून दिल्यानें शेतकरी सुखी होईल असें वाटूं लागतें. १९७१ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत कापसाची एकाधिकार खरेदी ठरली आणि १९७२ च्या हंगामापासून ती सुरू झाली. हेतु चांगला होता. कांहीं वर्षीं शेतकऱ्यास बाहेरच्यापेक्षां अधिक भावही मिळाला. पण घेणारा एकच, आणि त्याच्यावांचून दुसऱ्यास विकणें हा गुन्हा! माल घातल्यावर पैसे हप्त्याहप्त्यांनीं यावयाचे, प्रतवारी केंद्रावरील माणूस करील ती, आणि ती न पटली तर गाडी परत फिरवून न्यावयाची कोठें? ज्या वर्षीं बाहेर भाव चढा असे त्या वर्षीं आपला कापूस चोरवाटेनें शेजारच्या प्रांतांत जाई. ज्या वर्षीं बाहेर भाव उतरे त्या वर्षीं परप्रांतींचा कापूस आपल्या केंद्रांवर येऊन पडे, आणि तोटा योजनेच्या खात्यावर चढे. आपल्याच शेतांतला माल चांगल्या भावानें विकणाऱ्यास चोर ठरविणारी ही व्यवस्था तीस वर्षें चालली. २००२ सालीं खाजगी व्यापाऱ्यांस पुन्हा खरेदीची मोकळीक मिळाली. रुमाल गेला, पण नाहीं म्हणण्याची सोयही त्याबरोबर गेली होती.

म्हणजे सरकारनें हात जोडून स्वस्थ बसावें असें आम्ही म्हणतों काय? मुळींच नाहीं. १९७० सालीं स्थापन झालेलें भारतीय कापूस निगम भाव पडला असतां हमी भावानें कापूस घेतें. हा दारांत उभा राहिलेला आणखी एक घेणारा होय. त्याच्या असण्यानें शेतकऱ्यास दुसऱ्यास नाहीं म्हणण्याचें बळ येतें. सरकार अनेकांपैकीं एक घेणारा झालें तर संमति रुंदावते; एकुलता एक घेणारा झालें तर ती मरते. ह्याच कसोटीनें डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंतच्या कांदा निर्यातबंदीकडे पाहावें. विकणारा राजी, समुद्रापलीकडचा घेणारा राजी. शहरांत भाव चढूं नये म्हणून त्या दोघांमध्यें भिंत घातली गेली. शहरांतील गरिबास स्वस्त कांदा द्यावयाचा असेल तर तो सर्वांच्या तिजोरींतून द्यावा. एकट्या कांदेवाल्याच्या खिशांतून देणें हा न्याय नव्हे. मात्र दोघांच्या राजीखुषीच्या सौद्यानें तिसऱ्याचें नुकसान होत असेल, जसें रंगाच्या कारखान्याचें पाणी नदींत सुटून खालच्या गांवाची विहीर नासते, तेथें त्या तिसऱ्याच्या वतीनें कायद्यानें मध्यें पडलेंच पाहिजे. त्याची संमति कोणी विचारलेलीच नसते.

शेवटीं आमच्या व्यापारी बंधूंस दोन शब्द. तुमचा धंदा फुकटखाऊ नाहीं. तुम्ही किंमत उत्पन्न करितां, हें आम्ही वर दाखविलें आहे. पण तो मान तुम्हांस हवा असेल तर तराजू उघड्यावर ठेवा, भाव मोठ्यानें बोला, दाम वेळेवर चुकते करा, आणि उचल दिलेल्या शेतकऱ्याचें तोंड दुसऱ्या दुकानाकडे वळूं न देण्याची विद्या सोडून द्या. ज्यास दुसरीकडे जातां येत असूनही जो तुमच्याकडेच येतो, तोच तुमचा खरा गिऱ्हाईक. बाकीचे तुमचे कैदी. आणि कायदे करणाऱ्यांस व सुधारणा इच्छिणाऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, प्रत्येक सौद्यापुढें एक प्रश्न ठेवावा: ह्यांतील दोघांनाही 'नाहीं' म्हणून आपला माल व आपला पैसा घेऊन घरीं जातां आलें असतें काय? उत्तर 'होय' असेल तर त्यांच्या वाटेंत येऊं नये. उत्तर 'नाहीं' असेल तर व्यापाऱ्यास शिव्या देत न बसतां, त्या अडलेल्या माणसासाठीं दुसरें दार कसें उघडेल, ह्याचा उद्योग करावा.