शाळेचा कारभार आणि पालक

पालकांचा शाळेशी संबंध कोठवर असावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात काळानुसार बदलत गेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते अगदी सरळ होते. पालकाने मूल शाळेत पाठवावे. पुढचे शाळा पाहील. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्याआधी, १९११ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडलेल्या आणि पुढील वर्षी फेटाळल्या गेलेल्या विधेयकातही पालकांच्या दंडाची तरतूद होती. या प्रयत्नांमागील हेतू थोर होता, यात शंका नाही. परंतु कायद्याच्या दृष्टीने पालक म्हणजे ज्याच्यावर सक्ती करावयाची असा मनुष्य होता. शाळेत काय चालते, हे विचारण्याचा अधिकार त्याला नव्हता.

शाळा कोणाच्या पैशावर चालते, हा प्रश्न मात्र त्याच्याही आधी महात्मा जोतीराव फुले यांनी विचारला होता. १८८२ साली हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी एक विसंगती दाखवून दिली. सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या श्रमातून येते आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्या कष्टातून शाळेचा खर्च भागतो, त्याला त्या खर्चाविषयी बोलता आले पाहिजे, हा विचार यातून ओघानेच येतो. तो कायद्यात उतरण्यास सव्वाशे वर्षे लागली.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम २१ अन्वये सरकारी, स्थानिक प्राधिकरणाच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे आवश्यक आहे. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य त्या शाळेतील मुलांचे आईवडील किंवा पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे हे कलम सांगते. अल्पसंख्याकांच्या आणि इतर सर्व अनुदानित शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीचे काम केवळ सल्ला देण्याचे उरले आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही तरतूद लागू नाही. राज्याराज्यांत समितीची सदस्यसंख्या व नावही वेगळे असू शकते. कर्नाटकात, म्हणजे बेळगाव भागातील मराठी शाळांतही, तिला शाळा विकास व देखरेख समिती म्हणतात.

‘पालक’ या शब्दाची व्याप्तीही येथे ध्यानात घ्यावी. मुलाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे, ती व्यक्ती या अधिनियमानुसार पालक होय. आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले असता नातवंडांना सांभाळणारी आजी म्हणजे कोणी ‘पाहुणी’ नव्हे.

समितीची कामे कायद्याने तीन प्रमुख वाक्यांत सांगितली आहेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवावे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करावी आणि शाळेला सरकारकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून वा अन्य मार्गाने मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवावी. यांतील तिसरे काम सर्वांत कमी समजून घेतले जाते, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१८-१९ पासून सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळांसाठी पटसंख्येनुसार वार्षिक एकत्रित अनुदानाचे निकष ठरवण्यात आले. अगदी लहान शाळेला दहा हजार रुपये, तर हजारांहून अधिक पटाच्या शाळेला एक लाख रुपये, अशी त्यांची मर्यादा होती. समजा, एखाद्या शाळेचा पट ८० आहे. या निकषांनुसार तिच्या वाट्याला २५,००० रुपये येतात आणि त्यांतील किमान दहा टक्के, म्हणजे २,५०० रुपये, स्वच्छतेवर खर्च व्हावयास हवेत. वीजबिल, खडू-फळा, नळाची दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य हे सारे याच रकमेत बसवायचे असते. रक्कम मोठी नाही. म्हणूनच तिच्यातील प्रत्येक रुपयाचा प्राधान्यक्रम ठरवावा लागतो. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल, तर आधी नळ की आधी भिंतीचा रंग, हे कोण ठरवणार? कायद्याच्या मते समितीने ठरवावे. प्रत्यक्षात पुष्कळदा तयार ठराव पुढे येतो आणि त्यावर सही किंवा अंगठा घेतला जातो. बिल न पाहता केलेली सही ही संमतीच ठरते, हे सही करणाऱ्याला सांगितले जात नाही. केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांनुसार समितीचा अध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध निमंत्रक असतो. म्हणून मुख्याध्यापकाकडे हिशेब मागणे हा उद्धटपणा नसून अध्यक्षाचे कर्तव्यच होय.

हिशेब पाहताना आणखी एक बाब माहीत असावी. पूर्वी अनुदान शाळेच्या खात्यात जमा होत असे. २०२१ मध्ये केंद्रपुरस्कृत योजनांची रक्कम राज्यातील एका मुख्य खात्यात ठेवून शाळेला खर्चाची मर्यादा ठरवून देण्याची पद्धत आली. त्यामुळे पासबुकात शिल्लक शून्य दिसली म्हणजे अनुदान आलेच नाही, असे समजू नये. ‘यंदा मर्यादा किती मिळाली व त्यातील किती खर्च झाली’, असे विचारावे.

मुलांच्या दुपारच्या भोजनावरही समितीची देखरेख असते. प्राथमिक वर्गातील मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गात १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. मोजमाप कागदावर असते. डाळ पातळ आहे की नाही, हे जेवणाच्या वेळी शाळेत गेलेल्या आईला एका नजरेत कळते. धान्य, इंधन वा स्वयंपाकी नसल्यामुळे भोजन मिळाले नाही, तर २०१५ च्या नियमांनुसार मुलाला अन्नसुरक्षा भत्ता देय होतो.

नियमांनुसार समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा होते. पण बहुतेक पालक रोजंदारीवर जगणारे. दुपारी अकराच्या बैठकीला जायचे, तर त्या दिवसाच्या मजुरीचा खाडा होतो. काही ठिकाणी सदस्य बाई असते आणि बैठकीला तिचा नवरा बसतो. जिला दप्तर वाचता येत नाही, ती गप्प राहते. हा दोष पालकांच्या उदासीनतेवर ढकलणे सोपे आहे. बैठक संध्याकाळी घ्यावी आणि जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा, हे त्याहून फारसे अवघड नाही. शिक्षकांकडे केवळ संशयाने पाहणेही योग्य नव्हे. त्यांच्यावर अशैक्षणिक कामांचा बोजा पडू नये, हे पाहणेसुद्धा त्या नियमांनी समितीकडेच सोपवले आहे.

समितीत नसलेला पालकही हक्कांवाचून नाही. मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांविषयी शिक्षकाने पालकांना नियमित बैठकीत सांगितले पाहिजे, असे कलम २४ म्हणते. समितीच्या बैठकीचे इतिवृत्त सर्वांना पाहण्यासाठी खुले असते. ते दाखवले गेले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो व त्याचे उत्तर सामान्यतः ३० दिवसांत द्यावे लागते. मुलाच्या हक्काविषयी गाऱ्हाणे असेल, तर कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो. तक्रारदाराचे म्हणणे ऐकून प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा असतो. तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. म्हणून तक्रारीची पोच घेऊन तिच्यावर तारीख घालून घ्यावी.