शिखर समोर दिसतं, तरी उतरताना वाट का चुकते?

तारापूर-बोईसरच्या ट्रेकर्ससाठी काळदुर्ग हा जवळचा किल्ला. लोकलने पालघर, तिथून मनोर रस्त्यावरची वाघोबा खिंड आणि मग जंगलातून चढ. माथ्यावरचा चौकोनी कातळ लांबूनच ओळखू येतो. मग वाट चुकते कशी?

चढताना डोंगराच्या सोंडा माथ्याकडे एकत्र येतात. पायवाट सुटली तरी वर जात राहिलं की माथा जवळ येतो. उतरताना नेमकं उलटं होतं. त्याच सोंडा वेगवेगळ्या दिशांना फुटतात. वर थोडीशी दिशा चुकली, तर माणूस खाली भलत्याच बाजूला पोहोचतो किंवा कड्यावर अडकतो.

त्यात ढोरवाटा फसवतात. गुरांच्या या वाटा मळलेल्या दिसतात, पण चरायच्या जागी विरून जातात. पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत खरी पायवाटही झाकतं.

म्हणून चढतानाच प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहा, फोटो काढा. वाट चुकल्यासारखं वाटलं, तर ओढ्याच्या पात्रातून खाली उतरू नका. पुढे कडा असू शकतो. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत जा. अंधार पडला, तर एकाच जागी थांबा आणि ११२ वर फोन करा.