झाकली जखम

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्यात म्हण आहे, आणि आम्हां मध्यमवर्गीयांनी ती जेवढ्या निष्ठेने पाळली तेवढी दुसरी क्वचितच पाळली असेल. मूठ झाकल्याने अब्रू राहते, हे खरेच. परंतु जखम झाकली तर ती चिघळते. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण घरादाराची साफसफाई आपण दिवाळीच्याच निमित्ताने करतो ना? तेव्हा हाही एक कोपरा आज पाहून घेऊ.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाण्याची खोड आहे. १९८०नंतरच्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर पसरली. लोकांनी तिला ‘गर्द’ म्हटले आणि ती घेणारा झाला ‘गर्दुल्ला’. या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप व्याकरणाने सहज होईल, पण माझ्या कानांवर ते कधी आले नाही. ज्या बाईला नावच नाही, ती आहे हे कोणाच्या ध्यानात येणार?

पण ती आहे. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, सुईने नशा घेणारे देशात सुमारे साडेआठ लाख लोक असल्याचा अंदाज आहे. त्यांत बायका पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी, पण त्यांचे हाल मात्र अधिक. माझी एक जुनी विद्यार्थिनी उपनगरात परिचारिका आहे. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या घालून आलेली बाई दिसली, की तिच्या मनात आधी शंका येते ती बाहीखालच्या गळवाची.

हे गळू होते कसे? आपल्या सर्वांच्या कातडीवर जंतू असतातच. न धुतलेल्या कातडीत किंवा वापरलेल्या सुईने टोचले, की ते आत शिरतात. शीर चुकली तर औषध मांसात साचते. तेथे लाली, ऊब, ठणका आणि मग पू. पुन:पुन्हा टोचून हाताच्या शिरा निकामी झाल्या की सुई पायाकडे, जांघेकडे वळते, आणि तेथे धोका आणखी मोठा. जंतू रक्तात उतरले तर थेट हृदयाच्या झडपांपर्यंत पोचतात. सुई दोघांत फिरली तर एचआयव्ही आणि कावीळ आहेतच.

बाईच्या शिरा बहुधा बारीक, लवकर न सापडणाऱ्या. पुष्कळदा तिला सुई टोचतो तो तिचा नवरा वा सोबती. आधी स्वत:ला आणि मग त्याच सुईने तिला. घरात सर्वांच्या मागून जेवणारी बाई येथेही मागेच! पुढे जखम झाली, तर दवाखान्यात जावे कसे? डॉक्टर काय म्हणतील, पोलीस येतील का, मुले हिरावून घेतील का, या धास्तीने ती हळद लावते, पदर ओढते आणि ताप चढेपर्यंत थांबते.

आता करायचे काय, ते सांगते. जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी, कोरडी करून स्वच्छ पट्टीने झाकावी, पट्टी रोज बदलावी. गळू दाबू नये, घरी फोडू नये. ते डॉक्टरांनी चिरून पू काढायचे काम आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, तेही विचारून घ्यावे. ताप, थंडी, पसरत जाणारी लाली किंवा धाप दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर ही पालिकेची रुग्णालये उपनगरवासीयांना परकी नाहीत.

व्यसनावरही इलाज आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभारले. तेथे बायकांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत ‘संकल्प’ ही संस्था १९९५पासून सुईने नशा घेणाऱ्यांत काम करीत आली आहे. सुईऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळते; सुई सुटली की नव्या जखमाही थांबतात. १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आणि सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वखुशीने उपचार घेऊन ते पुरे केले, तर खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात आहे.

जखम धुतली म्हणजे व्यसनाला उत्तेजन दिले, असे म्हणणारे भेटतात. त्यांना माझे एवढेच सांगणे, की व्यसन सुटायला महिने लागतात, वर्षेही लागतात. तोवर माणूस जगला तर पाहिजे! आपल्या इमारतीत, आपल्या नात्यात अशी लांब बाही दिसली, तर ‘हे काय केलेस?’ हा प्रश्न मागून विचारता येईल. आधी विचारावे, ‘फार दुखते का गं?’ आणि तिच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे.