परसातील बाग पुन्हा हिरवी करताना

शिक्षकांच्या बदल्या बहुधा उन्हाळ्यात होतात. नवे बिऱ्हाड मांडून मागचे दार उघडावे, तो परसात घाणेरी, गाजरगवत आणि विटांचे ढीग! वाटते, सगळे एकदा तोडून मोकळे व्हावे. पण जरा थांबा. रोप लावल्यापासून लिंबाला फळ धरायला चारपाच वर्षे लागतात. कुऱ्हाडीला मात्र एक सकाळ पुरते.

तेव्हा वाळके झाड खरोखर मेले आहे का, ते आधी पाहा. फांदीची साल नखाने किंचित खरडा. आत हिरवे, ओले दिसले तर ती जिवंत. कोरडे, तपकिरी लागले तर बुंध्याकडे सरकत जा आणि हिरवे लागेल तिथवरच छाटा. शेवगा तर बुंध्याशी छाटला तरी पुन्हा फुटतो. कढीलिंबाला मुळांतून कोंब येतात.

लिंबावर सरळसोट, काटेरी पानसोट वाढलेले असतात. ते झाडाचे अन्न खातात, फळ देत नाहीत. ते मुळापासून काढावेत. छाटलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवून मग एकत्र करावा. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडाचे नको. मोरचूद विषारी, म्हणून मुलांपासून दूर ठेवावा.

गाजरगवत पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आले आणि मग सगळीकडे पसरले. एकेका झाडाला हजारो बिया धरतात. म्हणून फुलण्याआधीच, हातांना फडके गुंडाळून, ते मुळासकट उपटावे. नाही तर अंगाला खाज सुटते.

विटांचे रोडे वेचून जमीन फूटभर खणा, कुजलेले शेणखत मिसळा. लिंबाला दुहेरी आळे करा. पाणी बुंध्याला लागले तर डिंक्या रोग होतो. न्हाणीचे पाणी केळीला, कर्दळीला सोडा. पालेभाजीला ते नको.

गुरुजींना एक विनंती. शाळेच्या आवारातले एखादे वाळके झाड मुलांना असेच नखाने तपासू द्या. झाड जिवंत कसे ओळखावे, हे त्यांना तिथे चटकन कळेल. कुणीतरी लावलेले झाड आपल्या हाती आले आहे. उद्या आपलीही बदली होईल. पुढच्या बिऱ्हाडाला ते झाड फळासकट मिळावे, एवढे आपण नक्की करू शकतो.