शेतात कासवाची पाठ दिसली, तर आधी खुरपं बाजूला ठेवा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे. भूशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं नाव पिसदुरा असं छापलेलं असतं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात इथून जीवाश्म हाडं गोळा केली. तेव्हापासून नांगरट झाली, पाऊस पडला की इथल्या शेतांत काही ना काही वर येतं. डायनासोरची हाडं, शेणाचे दगड झालेले गोळे आणि कासवाच्या पाठीचे तुकडे.

हा खडकाचा थर साधारण सात कोटी वर्षांपूर्वीचा. जबलपूरजवळच्या लमेटाघाटावरून त्याला लमेटा म्हणतात. तो विदर्भापुरता नाही. मध्य प्रदेशात धार-झाबुआकडे आणि गुजरातेत बालासिनोरलाही तो उघडा पडलाय. म्हणजे इंदूर-बडोद्याच्या वाचकांनाही हे परकं नाही.

कासवाचा तुकडा शेतात ओळखू येणं अवघड. पहिल्या नजरेला ती फुटक्या मडक्याची खापरं वाटतात. खूण अशी, की तुटलेल्या कडेला बघितलं तर वर-खाली दोन घट्ट थर दिसतात आणि मधे पावासारखी जाळी. खापराला ती नसते. कवच हे एकसंध झाकण नसतंच. मणके, फासळ्या आणि इतर मिळून पन्नासेक हाडं करवतीच्या दात्यांसारख्या सांध्यांनी जुळलेली असतात. कासव मेलं की वरचे शिंगासारखे पापुद्रे गळतात, सांधे सुटतात, पाणी एकेक हाड कुठल्या कुठे नेतं. म्हणून सगळी हाडं जागच्या जागी असलेलं कवच क्वचितच मिळतं. ते मिळालं आणि आपण हौसेनं उपसलं, तर सात कोटी वर्षांत जे घडलं नाही ते पाच मिनिटांत होतं.

जाणकार माणूस कवचाला हात लावायच्या आधी कागद काढतो. जागेची नोंद, कुठल्या थरात, उत्तर कुठे, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. मग ब्रशनं वरची माती झाडून कवचाच्या भोवती, थोडं अंतर सोडून, चर खणतात. कवच मातीच्या ओट्यावर उभं राहतं. भेगांत पातळ डिंक सोडतात. त्यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतात. पुढे चूक कळली तर अ‍ॅसिटोननंच ते सोडवता येतं, हा त्याचा खरा गुण. दुकानात मिळणारा झटपट गम इतक्या सहज सुटत नाही. पूर्वी लाखेचा लेप देत. तो काळपट पडून तडकतो.

नंतर ओल्या टिश्यू कागदाचे थर, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. गणपतीच्या मूर्तींना वापरतात तेच प्लास्टर ऑफ पॅरिस. कागद विसरला तर प्लास्टर हाडालाच बसतं आणि पुढे कुणीतरी आठवडाभर शिव्या घालत ते खरवडतं. प्लास्टर सुकलं की ओटा खालून कोरत आणायचा, अळंब्यासारखा, आणि सगळा गोळा एका दमात उलटा करायचा. सगळ्यांचा श्वास अडकतो तो इथंच. मग खालची बाजूही बांधतात आणि जागा, तारीख, उत्तर दिशा प्लास्टरवरच लिहितात. चिठ्ठी हरवते.

प्रयोगशाळेत काम महिनोन् महिने चालतं. सुया, हवेच्या दाबावर चालणारी बारीक छिन्नी, सूक्ष्मदर्शक. खडक चुन्याचा असेल तर पातळ अ‍ॅसेटिक आम्लात चुना विरघळवतात, पण उघड्या हाडाला आधी राळेचं कवच देऊन. चिकणमातीतलं हाड उन्हात वाळवलं तर माती आकसून तेच फोडते. ते सावलीत, सावकाश सुकवावं लागतं.

एवढा खटाटोप कशाला? कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले सोहनलाल जैन यांनी १९७७ मध्ये पिसदुऱ्याचं कासव शास्त्रात नोंदवलं. २०२० मध्ये त्याच्या जीवाश्मांचा नव्यानं अभ्यास झाला आणि जैन यांच्या नावावरून त्याला ‘जैनेमिस’ हे नाव मिळालं. मान आत न ओढता बाजूला वळवणाऱ्या कासवांपैकी ते एक. त्याच्या नातलगांचे जीवाश्म तामिळनाडूत, मुंबईच्या आंबोलीच्या खाणीत आणि थेट मादागास्करात मिळालेत. भारत आणि मादागास्कर एकेकाळी जोडलेले होते, याला ही कासवंही साक्षीदार आहेत. पण ती साक्ष कुठल्या थरातली, हे लिहिलेलं असेल तरच चालते. कपाटात शोभेला ठेवलेला, गावाचंही नाव नसलेला तुकडा मुकाच राहतो.

जीवाश्मांच्या संरक्षणासाठी केंद्रानं २०२२ मध्ये स्वतंत्र कायद्याचा मसुदा काढला होता. तोवर आणि त्यानंतरही पहिली जबाबदारी शेतात उभ्या असलेल्या माणसावरच येते. काही दिसलं तर फोटो काढा, शेजारी नाणं ठेवा, मोबाइलवर जागा टिपून घ्या, वर माती ओढून झाका. मग तलाठ्याला किंवा जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना सांगा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची विभागीय कार्यालयं महाराष्ट्र-मध्य प्रदेशासाठी नागपुरात, तेलंगण-कर्नाटकासाठी हैदराबादेत आणि गुजरातसाठी जयपुरात आहेत.