मतयंत्र, फुटलेलीं पत्रें आणि ग्रंथस्वामित्वाचा कायदा

लोकसत्ताक राज्यांत मत देणें हा जसा नागरिकाचा हक्क, तसेंच तें मत बरोबर मोजलें गेलें कीं नाहीं हें जाणणें हाही त्याचा हक्कच होय. कागदाची मतपत्रिका पेटींत पडली, तर ती सर्व पक्षांच्या देखत उघडून मोजतां येते, व शंका आल्यास पुन्हां मोजतां येते. परंतु मत यंत्राच्या पोटांत गेलें म्हणजे तें डोळ्यांस दिसत नाहीं. मग यंत्रांतील दोष लोकांस कळूं न देण्यासाठीं कंपनीनें कायद्याचा आधार घ्यावा काय? अशा एका वादाचा निकाल अमेरिकेंत २००४ सालीं लागला, आणि दाद मागणाऱ्यांत दोन महाविद्यालयीन विद्यार्थी होते. ती हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२००० सालीं त्या देशांत अध्यक्षाची निवडणूक झाली. फ्लॉरिडा संस्थानांत बुश ह्यांचें अधिकृत मताधिक्य अवघें ५३७ ठरलें. मतपत्रिकांस नीट न पडलेल्या छिद्रांवरून इतका कलह माजला कीं, अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. पुढें २००२ सालीं कायदा करून जुनीं साधनें टाकून नवीं घेण्यासाठीं सरकारनें संस्थानांस पैसा दिला, व विद्युत्‌-मतयंत्रांचा खप वाढला. तीं विकणाऱ्यांत डीबोल्ड ही एक मोठी कंपनी होती. तिनें २००२ सालीं ग्लोबल इलेक्शन सिस्टिम्स नांवाची जुनी कंपनी विकत घेतली होती. ह्या जुन्या कंपनीच्या यंत्रणेनें २००० सालीं फ्लॉरिडांतील व्होलुसिया परगण्यांत एका केंद्रावर गोर ह्यांच्या नांवावर उणे १६,०२२ मतें दाखविलीं होतीं! शून्याहून कमी मतें कोणास कशीं पडतील? चूक ध्यानांत येऊन दुरुस्त झाली; परंतु ती घडली कशी, हा प्रश्न उरलाच.

२००३ सालीं डीबोल्डच्या नोकरांनीं आपसांत लिहिलेल्या हजारों विद्युत्‌-पत्रांचा संग्रह बाहेर फुटला. यंत्रांतील उणिवा, व्होलुसियाचा तो आंकडा, इत्यादि विषयांची चर्चा त्यांत होती. त्याच वर्षीं जॉन्स हॉप्किन्स व राइस ह्या विद्यापीठांच्या संशोधकांनीं ह्या कंपनीच्या यंत्राची आज्ञावली तपासून तींत सुरक्षिततेचे गंभीर दोष असल्याचें प्रसिद्ध केलें होतें. पेन्सिल्व्हेनियांतील स्वॉर्थमोर महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं हीं पत्रें सर्वांस वाचतां यावीं म्हणून इंटरनेटवर ठेविलीं.

येथें कायदा समजून घेतला पाहिजे. लेखकानें लिहिलेल्या मजकुरावर त्याचें स्वामित्व असतें. ह्यासच आपण कॉपीराइट म्हणतों. परंतु हें स्वामित्व शब्दरचनेवर असतें, त्यांत सांगितलेल्या वस्तुस्थितीवर नसतें. एखाद्या विद्यार्थ्यानें ओढ्याच्या पुरावर निबंध लिहिला, तर निबंध त्याचा. पूर कांहीं त्याचा नव्हे. शिवाय टीका, वार्ता, अध्ययन इत्यादि कारणांसाठीं दुसऱ्याचा मजकूर उचित प्रमाणांत घेण्यास कायदा मोकळीक देतो. अमेरिकेंत १९९८ सालीं इंटरनेटच्या युगासाठीं नवा कायदा झाला. त्याप्रमाणें हक्कदारानें नोटीस पाठविली आणि इंटरनेटची सोय पुरविणाऱ्या संस्थेनें तो मजकूर त्वरित काढून टाकिला, तर त्या संस्थेवर नुकसानभरपाईचा बोजा येत नाहीं. साहजिकच नोटीस येतांच, खरेंखोटें न पाहतां, मजकूर काढण्याकडे अशा संस्थांचा कल होतो. म्हणजे न्यायाधीशापुढें न जातांही दुसऱ्याचें तोंड बंद करतां येतें. हा धोका ओळखूनच, जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्यानें भरपाई द्यावी, असें एक कलम त्याच कायद्यांत घातलेलें आहे.

डीबोल्डनें नेमक्या अशाच नोटिसा धाडिल्या. स्वॉर्थमोर महाविद्यालयानें मजकूर काढावयास लाविला. तों अन्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं त्याच्या नकला आपल्याकडे ठेविल्या. एका ठिकाणीं दिवा मालवावा, तों दुसरीकडे लागावा, असें झालें. डेनिस कुसिनिच ह्या लोकप्रतिनिधींनींही त्यांतील उतारे प्रसिद्ध केले. अखेर स्वॉर्थमोरच्या दोघां विद्यार्थ्यांनीं व ऑनलाइन पॉलिसी ग्रुप ह्या संस्थेनें २००३ च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत दावा लाविला. कंपनीनें लवकरच धमक्या मागें घेतल्या. पण खटला चालला.

३० सप्टेंबर २००४ रोजीं न्यायाधीश जेरेमी फोगेल ह्यांनीं निर्णय दिला. यंत्रांतील संभाव्य दोषांविषयींच्या पत्रांचें प्रकाशन हें लोकहिताचें कार्य आहे. तीं पत्रें विकून कंपनीस कांहीं मिळवावयाचें होतें असेंही दिसत नाहीं. आणि अशा पत्रांवर आपला हक्क लागू पडतो असें कोणाही समंजस हक्कदारास वाटलें नसतें, असें त्यांनीं ठरविलें. कायद्यानें ढाल म्हणून जें दिलें, त्याची कंपनीनें तरवार केली, असा त्यांचा आशय होता. कंपनीस वकिलांच्या खर्चासह १,२५,००० डॉलर भरावे लागले.

ह्यावरून पत्रें चोरणें योग्य, असा अर्थ कोणीं काढूं नये. तीं चोरीस गेलीं अशीच कंपनीची तक्रार होती, आणि चोरीचा प्रश्न निराळा आहे. त्या संग्रहांतील प्रत्येक ओळ कॉपीराइटमुक्त आहे, असेंही न्यायालय म्हणालें नाहीं. त्यानें इतकेंच सांगितलें कीं, एका हेतूनें केलेला कायदा भलत्याच हेतूसाठीं वापरतां येत नाहीं.

आपल्या देशांत यंत्रानें मतदान प्रथम १९८२ सालीं केरळांत परूर येथें झालें, आणि मतदारास आपलें मत कागदी चिठ्ठीवर दिसावें अशी सोय टप्प्याटप्प्यानें करावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं सांगितलें. यंत्र वापरावें कीं नाहीं हा वाद येथें आम्ही उकरीत नाहीं. परंतु जें तपासतां येतें त्यावरच विश्वास दृढ होतो, हें सर्वत्र सारखेंच खरें आहे.

विद्यार्थिमित्रहो, परक्याचा निबंध आपल्या नांवावर खपवूं नका. लेखकाचा हक्क पवित्र माना. पण हक्काचें नांव सांगून कोणी सत्य दडपूं लागला, तर तो कायदा स्वतः वाचून पाहण्याचा आळस करूं नका. त्या दोघां विद्यार्थ्यांपाशीं धन नव्हतें, अधिकार नव्हता. कायद्यांत आपल्याही बाजूचें कलम आहे, एवढें त्यांस ठाऊक होतें, आणि तेवढें पुरेसें झालें.