रूडी, बनावट बाटल्या आणि ‘चिनी डोकं’

‘सावर ग्रेप्स’ ही रूडी कुर्नियावानच्या बनावट वाइनवरची 2016 सालची डॉक्युमेंट्री पाहिलेल्यांशी बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : “नकली माल बनवण्यात या चिन्यांचा हात कोणी धरणार नाही!” म्हणणारा बहुधा कौतुकाने म्हणतो, म्हणून जास्तच वैताग येतो. आपणही आशियाईच, हे तो तेवढ्यापुरतं विसरलेला असतो.

रूडी कुर्नियावान दोषी होता, यात वाद नाही. चिनी वंशाचा हा इंडोनेशियन तरुण शिकायला अमेरिकेत आला आणि तिथेच राहिला. 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या ॲकर मेरल अँड काँडिट या लिलावगृहाच्या दोन लिलावांत त्याच्या संग्रहातली सुमारे साडेतीन कोटी डॉलरची वाइन विकली गेली. 2012 मध्ये एफबीआयला त्याच्या कॅलिफोर्नियातल्या घरात लेबलं, बुचं, शिक्के असा बनावट बाटल्यांचा कारखानाच सापडला. 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. एवढं सगळं मान्य. पण हे पाप त्याच्या वंशाच्या खात्यावर कसं काय मांडायचं?

हार्डी रोडेनश्टॉक जर्मन होता, आणि हे त्याचं जन्मनावही नव्हतं. थॉमस जेफरसनच्या म्हणून त्याने पुढे आणलेल्या बाटल्यांपैकी एक 1985 मध्ये लंडनच्या क्रिस्टीजमध्ये 1 लाख 5 हजार पौंडांना गेली. पुढे बिल कोक या अमेरिकन उद्योगपतीने आपल्याकडच्या तशा चार बाटल्या तपासून घेतल्या, तेव्हा त्यांवरची अक्षरं विजेच्या अवजाराने कोरल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. जेफरसनच्या काळात वीज! 2010 मध्ये फ्रान्समधल्या कार्कासोनच्या कोर्टाने स्वस्त द्राक्षांची वाइन ‘पिनो न्वार’ म्हणून अमेरिकेला विकणाऱ्या बारा जणांना दोषी ठरवलं. 2020 मध्ये इटालियन पोलिसांनी मिलानजवळ सासिकाया या इटालियन वाइनच्या बनावट बाटल्यांचा धंदा उघडकीला आणला. या तीन प्रकरणांवरून जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन डोक्याबद्दल कोणी सिद्धान्त मांडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

रूडी कशाने अडचणीत आला, तेही पाहा. सनावळीने. ॲकर मेरलच्या 2008 मधल्या एका लिलावात त्याने ठेवलेली डोमेन पोंसोची 1945 सालची क्लो सां-दनी होती. ती वाइन पोंसो घराण्याने बनवायला घेतली 1982 मध्ये. ही साधी विसंगती लिलावगृहाला दिसली नाही. अखेर त्या घराण्यातला लॉरां पोंसो स्वतः फ्रान्समधल्या बर्गंडीहून न्यूयॉर्कला आला आणि माल लिलावातून काढायला लावला.

“त्याचं तर नावही खोटं!” हेही ऐकलंय. बातम्यांत त्याचं मूळ चिनी नाव आलं, त्यावरून हा तर्क. इंडोनेशियात 1966 पासून चिनी वंशाच्या नागरिकांनी इंडोनेशियन नावं घ्यावीत हे सरकारी धोरणच होतं, आणि लाखो घरांनी ती घेतली. त्यात लबाडी शोधणं म्हणजे कमाल आहे.

मग डॉक्युमेंट्रीच वंशवादी का? तेही नाही. पैसेवाल्या खरेदीदारांची ती भरपूर टिंगल करते. उणीव वेगळी आहे. रूडी दिसतो तो जुन्या चित्रणात. त्याच्याबद्दल बोलतात ते बहुतेक अमेरिकन आणि फ्रेंच पुरुष. नकली बाटल्या ओळखण्यात नाव असलेली मॉरीन डाउनी आहे, पण अशी बाई तिथे अपवादच.

त्यावरून “वाइन हे गोऱ्या पुरुषांचंच क्षेत्र” असं ठरवू नका. रूडी जिच्या नावावरून ‘डॉक्टर काँती’ म्हणून मिरवायचा, त्या रोमाने-काँती वायनरीच्या कारभारात 1974 पासून 1992 पर्यंत लालू बीझ-लरुआ होत्या.

“आशियाई लोकांना वाइनमधलं काय कळतं?” आशियाईच असलेल्या जीनी चो ली 2008 मध्ये ‘मास्टर ऑफ वाइन’ झाल्या, मुंबईच्या सोनल हॉलंड 2016 मध्ये.

आणि ‘ब्लाइंड अँबिशन’ (2021) ही डॉक्युमेंट्री जरूर बघा. झिंबाब्वेतून दक्षिण आफ्रिकेत निर्वासित म्हणून गेलेले चार जण 2017 मध्ये वाइन ओळखण्याच्या जागतिक स्पर्धेत उतरले, थेट बर्गंडीत. या डॉक्युमेंट्रीत आपली गोष्ट ते स्वतः सांगतात.